अर्भकाच्या अंगावरील डाग आणि वेळेवर औषध
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अहिल्यानगर येथे केलेले भाषण)



वधूवरसूची आणि विद्यार्थिनिधी यांच्या चर्चेत आम्ही आज निराळाच विषय काढीत आहो, याबद्दल क्षमा असावी.

तान्ह्या बाळाच्या अंगावर तांबडा ठिपका किंवा मऊ सूज दिसली, की आपल्या घरांतून दोनच उद्गार निघतात. 'मोठेपणी जाईल' हा एक, आणि 'ग्रहणात आईने काही चिरले असेल' हा दुसरा. पहिला अर्धसत्य आहे. दुसरा निखालस असत्य आहे, आणि त्याचा भार मात्र ओल्या बाळंतिणीने वाहावयाचा असतो.

शंभरांतील चार-पाच अर्भकांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत रक्तवाहिन्यांची तांबडी गाठ येते. तिला हिमँजिओमा म्हणतात. बहुतेक गाठी पुढे आपोआप मावळतात, हे खरे. परंतु डोळ्याशी किंवा श्वासमार्गात आलेली गाठ दृष्टी वा श्वास अडविते, आणि तिची झपाट्याची वाढ पाचव्या ते सातव्या आठवड्यात होते. म्हणजे नेमका आपला सव्वा महिना सरण्याच्या सुमारास! बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडते तोवर उपचाराचा उत्तम काळ निसटू लागलेला असतो. संगमनेर तालुक्यात आमच्या नात्यातील एका घरी हेच घडले. पापणीवरचा मसुरीएवढा ठिपका आजीने तेल लावताना दहाव्या दिवशीच पाहिला होता. तिसऱ्या महिन्यात बाळाला पुण्यास नेले तेव्हा डोळा उघडत नव्हता. औषधाने गाठ बसली, पण त्या डोळ्याची नजर मंदच राहिली. दोष आजीचा नव्हे. 'सव्वा महिना होऊ द्या' असे सांगणारे आम्हीच होतो.

हे औषध मुळात हृदयविकाराचे, प्रोप्रानोलॉल नावाचे. फ्रान्समधील बोर्दो येथे नाकावर अशी गाठ असलेल्या एका बालकास ते हृदयासाठी दिले, तो दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग पालटून ती मऊ पडली. डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी २००८ साली हे प्रसिद्ध केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने औषध घेतलेल्या शंभरांतील साठ बालकांची गाठ पूर्ण वा जवळजवळ पूर्ण गेली. औषधाविना शंभरांत चारांचीच. रक्तातील साखर उतरू नये म्हणून ते दूध पाजूनच द्यावयाचे, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुटून नव्हे.

दुसरा प्रकार दुर्मीळ आणि चिवट. त्यात रक्ताच्या वा लसिकेच्या वाहिन्यांची घडणच गर्भात बिघडलेली असते. हा दोष आपोआप जात नाही, मुलाबरोबर वाढतो. पूर्वी त्यावर शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शने एवढाच इलाज असे. आता निवडक बालकांना सिरोलिमस देतात. १९६४ साली ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या पथकाने तेथून आणलेल्या मातीतील जंतूपासून ते निघाले. त्याचे संशोधक सुरेंद्रनाथ सहगल हे जन्माने अविभक्त हिंदुस्थानातले. माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जंतू घरच्या शीतकपाटात जपून ठेवला, म्हणून औषध वाचले.

यांतील पुष्कळ दोष गर्भ वाढत असता एखाद्या पेशीतील जनुकात अकस्मात झालेल्या बदलाने येतात. तो बदल आईबापांकडून आलेला नसतो. सोयरिकी जुळविणाऱ्या मंडळींनी हे विशेष ऐकावे. डॉक्टरांनी असे निदान केल्यावरही त्या मुलाच्या बहिणीचे स्थळ परतविणे हा निव्वळ अन्याय होय.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण भगिनींना आरोग्याचे काम शिकविले. आज गावोगावच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की दुपटे सोडून बाळ उघडे दाखवावे, दृष्ट लागेल म्हणून झाकू नये. ठिपका वाढताना दिसला तर पहिल्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, सोबत दर आठवड्याचे छायाचित्र असावे.

अशा बाळाला पुण्या-मुंबईस न्यावे लागले तर प्रवासखर्चासाठी मंडळाने निधी उभारावा, अशी आमची सूचना आहे. पाच हजार एक रुपयांची पहिली पावती आमच्या नावे फाडावी.