एका वर्षाचा इतिहास : सन १३४७



शिबिराच्या संयोजकांनी मला ‘मध्ययुगीन इतिहास’ हा विषय दिला. एवढा मोठा काळ तासाभरात बसवायचा म्हणजे राजांची नावं घोकणं आलं. म्हणून मी एकच वर्ष निवडलंय : इसवी सन १३४७. आपण इतिहास घराण्यांच्या रांगेत शिकतो. एक गेलं, दुसरं आलं. त्यात एकाच वेळी जगात इतरत्र काय चाललं होतं हे दिसत नाही. आज आपण इतिहासाचा आडवा छेद घेऊ.

सुरुवात आपल्या मातीतून. ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबादला हसन नावाच्या सरदाराचा राज्याभिषेक झाला. त्यानं ‘अलाउद्दीन बहमनशाह’ हा किताब घेतला आणि बहमनी सल्तनत सुरू झाली. हे बंड कुणाविरुद्ध होतं? दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाविरुद्ध. बंड करणारे ‘अमीरान-ए-सदा’ म्हणजे लहान-मध्यम सरदारही मुसलमान, आणि ज्याच्याविरुद्ध बंड केलं तो सुलतानही मुसलमान. कारणं अगदी जमिनीवरची होती. वसुलीचा तगादा होता, सुलतानाच्या शिक्षांची दहशत होती. माळव्यात धार इथे अशाच सरदारांची कत्तल झाली होती. दौलताबादच्या सरदारांना भडोचकडे बोलावणं आलं, तेव्हा पुढं काय वाढून ठेवलंय हे त्यांनी ओळखलं आणि ते वाटेतूनच उलटले.

या बंडाच्या मागे वीस वर्षांपूर्वीची एक जखमही होती. तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीतल्या प्रतिष्ठितांना दौलताबादला हलवलं. त्यात इसामी नावाचा एक मुलगा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा त्या वाटेवरच वारले. हाच इसामी पुढं कवी-इतिहासकार झाला आणि १३५० मध्ये त्यानं आपला ‘फुतूह-उस-सलातीन’ हा ग्रंथ बहमनशाहाला अर्पण केला. म्हणून कुणी ‘मध्ययुगात सगळं धर्मासाठीच चाललं होतं’ असं म्हणालं, तर त्याला इसामीच्या आजोबांची आठवण करून द्या.

आता तोच ऑगस्ट महिना युरोपात पाहू. पहिल्याच आठवड्यात फ्रान्सचं कॅले बंदर उपासमारीनं टेकीला आलं आणि जवळपास वर्षभराच्या वेढ्यानंतर इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला शरण गेलं. इथं दोन्ही बाजूंना ख्रिस्ती होते. दौलताबाद आणि कॅले एकमेकांना ओळखतही नव्हते, पण माणसं सारख्याच कारणांसाठी लढत होती : सत्ता, महसूल, बंदरं.

याच वर्षी एक तिसरी गोष्ट घडली. तिला कुठलीच सीमा आडवी आली नाही. काळ्या समुद्राकडून येणाऱ्या व्यापारी जहाजांबरोबर प्लेग निघाला. तो १३४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पोचला, शरद ऋतूत इजिप्तच्या अलेक्झांड्रियाला आणि ऑक्टोबरमध्ये सिसिलीच्या मेसिना बंदरात. मशीद असो की चर्च, त्यानं भेद केला नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं मेली. कैरो, दमास्कस, ट्यूनिस यांनाही तेवढंच सोसावं लागलं.

प्लेगनं भेद केला नाही, पण माणसांनी केला. युरोपात अफवा उठली की ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळलं. त्या वेळी त्या शहरात प्लेग पोचलासुद्धा नव्हता. आणि हेही सांगायला हवं की खुद्द पोप सहावा क्लेमेंट यानं १३४८ मध्ये फर्मान काढून बजावलं होतं की ज्यूही याच रोगानं मरताहेत, तेव्हा हा आरोप खोटा आहे. लोकांनी ऐकलं नाही. अफवा पसरली की धर्मगुरूचं तरी कोण ऐकतं?

याच काळात इब्न बतूता दमास्कसमध्ये होता. हा तोच प्रवासी, जो काही वर्षांपूर्वी दौलताबाद आणि नंदुरबार पाहून गेला होता. १३४७ मध्ये तो मलबारचा किनारा सोडून अरबस्तानकडे परतला आणि पुढच्या वर्षी दमास्कसला पोचला. तिथं त्यानं जे पाहिलं ते लिहून ठेवलंय. तीन दिवसांच्या रोज्यांनंतर सारं शहर अनवाणी बाहेर पडलं. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन. बायका-मुलंही होती. सगळ्यांनी मिळून दुआ मागितली. त्या गर्दीनं रोग कदाचित वाढलाही असेल. पण संकटात शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं की त्याच्या शेजारी उभं राहायचं, याचं एक उत्तर त्या शहरानं दिलं.

म्हणून ‘आपले तेवढे चांगले’ असा निष्कर्ष काढून टाळ्या वाजवू नका. ग्रनाडाचा वजीर आणि वैद्यकाचा जाणकार इब्न अल-खतीब यानं या प्लेगवर लिहिलं. रोग स्वतःहून लागत नाही अशा अर्थाच्या हदीसचा आधार घेऊन बरेच उलेमा संसर्ग नाकारत होते. इब्न अल-खतीबचं म्हणणं होतं की अनुभव, अभ्यास आणि निरीक्षण यांनी संसर्ग सिद्ध होतो. रोग्याच्या जवळ जाणारे आजारी पडतात, अलग राहिलेले वाचतात. कपड्यांतून, भांड्यांतून रोग येतो. आणि डोळ्यांसमोरच्या पुराव्याशी वचनाचा मेळ बसत नसेल, तर वचनाचा अर्थ पुन्हा लावला पाहिजे. पुढं त्याच्या इतर लेखनावरून त्याच्यावर धर्मद्रोहाचा आरोप आला. त्यामागं राजकीय वैरही होतं. १३७४ मध्ये फेजच्या तुरुंगात त्याला गळा दाबून मारण्यात आलं. चिकित्सा करणाऱ्या माणसाचं रक्षण करणं आपल्यालाही नेहमी जमलेलं नाही.

हे सगळं आज का सांगतोय? २०२० चा मार्च-एप्रिल तुम्हाला आठवत असेल. तुमच्यापैकी काहींना तेव्हा भाजीवाल्यानं नाव विचारलं असेल. रोगाला धर्म चिकटवला गेला. पुढं २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि बळीचा बकरा म्हणून त्यांची निवड झाली असण्याची शक्यता नोंदवली. ते खंडपीठ दौलताबादच्या किल्ल्यापासून फार लांब नाही. न्याय मिळाला, पण अफवा आधी पोचली होती. आणि त्याच काळात आपल्या मोहल्ल्यांत डॉक्टरांविषयी, लशीविषयी कोणत्या अफवा फिरत होत्या, तेही आठवा. अफवेचा बळी होणारा माणूस अफवा पसरवतच नाही, असं नसतं.

यावर उपाय काय? तो सांगणारा माणूस १३४७ मध्ये ट्यूनिसमध्ये होता. वय १५ वर्षं, तुमच्यापैकी काहींपेक्षाही लहान. त्या वर्षी मोरोक्कोच्या सुलतानानं ट्यूनिस जिंकलं आणि त्याच्याबरोबर आलेल्या विद्वानांकडे हा मुलगा शिकू लागला. लवकरच प्लेगनं त्याचे आई-वडील नेले. तो मुलगा म्हणजे इब्न खलदून. त्यानं १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्यातला एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा : सांगणारा कितीही मोठा असो, समाज प्रत्यक्षात कसा चालतो या कसोटीवर बातमी घासून पाहिल्याशिवाय ती स्वीकारू नये.

ही कसोटी आपण बहमनशाहालाच लावू. तो गंगू नावाच्या ब्राह्मणाचा नोकर होता आणि कृतज्ञतेपोटी त्यानं धन्याचं नाव लावलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऐकायला फार गोड आहे. पण ती फरिश्त्यानं अडीचशे वर्षांनंतर लिहिली. समकालीन इसामीकडे ती नाही. उलट इराणच्या बहमन राजाचा तो वंशज, हा दावाही सिद्ध झालेला नाही. एक कथा सलोख्याला सोयीची, दुसरी प्रतिष्ठेला. सोयीची आहे म्हणून गोष्ट खरी होत नाही, आपल्या बाजूची असली तरी.

म्हणून घरी जाताना एवढंच काम घेऊन जा. मोबाइलवर इतिहासाचा मजकूर आला की तीन प्रश्न विचारा. हे कुणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? आणि हे खरं ठरलं तर कुणाचा फायदा होतो? उत्तरं मिळेपर्यंत पुढं पाठवू नका. सुरुवात आपल्या घरच्या ग्रुपपासून करा. तिथं ते सगळ्यात अवघड असतं.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.