तिजोरीचे दुसरे दार

सरस्वतीपुरमच्या रहिवाशांना नोटांच्या छापखान्याचे नवल नाही. म्हैसुरात तो १९९६ पासून आहे, आणि त्यावरचा कडक पहाराही सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, ते कोणत्याही पहारेकऱ्यासमोरून गेले नाहीत. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. एटीएमने पैसे द्यावेत की नाही, हे बँकेच्या संगणकाने ठरवायचे. पण त्याच्याऐवजी चोरांची बनावट यंत्रणाच होकार देत राहिली आणि २८ देशांत नोटा बाहेर पडत राहिल्या. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला रवाना झाले.

अशा चोरीस प्रारंभ कोठे होतो? अमेरिकी तपासानुसार, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांना २०१५ साली नोकरीच्या अर्जाचे ई-मेल आले. भाषा अत्यंत नम्र. त्यातील दुवा काहींनी उघडला; त्यात लोभ नव्हता, होते ते कार्यालयीन सौजन्य. अशी चूक तत्काळ सांगणाऱ्यास वरिष्ठ दटावू लागले, तर पुढचा माणूस गप्प बसतो, आणि चोरांना हवा असतो तो हाच अवधी. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथून ८.१ कोटी डॉलर मनिलाला गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र अडले. ‘फाउंडेशन’ऐवजी ‘फँडेशन’ असे लिहिलेले पाहून मध्यस्थ बँकेने विचारणा केली होती.