समुद्रशैवाल ऊन कसं सोसतं

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वैशाखातली व्याख्यानं संध्याकाळी ठेवावी लागतात, कारण दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. आपल्याला सावली गाठता येते. कातळाला चिकटलेल्या समुद्रशैवालाला ती सोय नाही. भर दुपारी ओहोटी लागली की अंगावरचं पाणी निघून जातं आणि पुन्हा भरती येईपर्यंत ते उघड्यावर असतं. तिथे ते तगतं कसं, हा आजचा विषय. आणि या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की शैवाल कुठे जगेल आणि कुठे नाही, हे बहुधा त्याच्या सर्वांत कोवळ्या अवस्थेत ठरतं. पूर्ण वाढलेल्या शैवालाकडे पाहून त्याचा अंदाज येत नाही.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्याला यूव्ही-ए म्हणतात आणि २८० ते ३१५ च्या पट्ट्याला यूव्ही-बी. ओझोनचा थर यूव्ही-बीचा बराचसा भाग वरच अडवतो. जो खाली पोचतो तो पेशीतल्या डीएनएवर थेट आघात करतो. डीएनएच्या साखळीत थायमिनचे दोन रेणू शेजारी आले असतील, तर ते एकमेकांना जोडले जातात. अशी गाठ पडली की डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडते. शिवाय प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतली प्रथिनंही मोडतात.

आता आपल्या किनाऱ्यावरचं एक शैवाल पाहू. पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस हे लाल शैवाल कोकण-गोव्याच्या खडकांवर पावसाळ्यात उगवतं, तेही भरतीच्या पट्ट्यातल्या वरच्या खडकांवर, जिथे पाणी कमी वेळ टिकतं. जपानी लोक ज्याची नोरी करून खातात, त्याच्या कुळातलं हे. पातं इतकं पातळ की त्याची जाडी एखाद-दोन पेशींचीच. पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडलं की ते वाळून पापडासारखं कडक होतं. या कुळातली शैवालं अंगातलं ८५ ते ९५ टक्के पाणी गमावूनही जिवंत राहतात आणि भरतीचं पाणी लागलं की पुन्हा मऊ होतात. एवढ्या पातळ पात्यात आतल्या पेशींनी बाहेरच्या पेशींच्या आड दडावं, अशी सोयच नाही. प्रत्येक पेशीला आपलं संरक्षण स्वतः करावं लागतं.

ते संरक्षण म्हणजे मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं. नाव लांबलचक असलं तरी रेणू छोटे आहेत आणि रंगहीन आहेत. लाल शैवालाचा लाल रंग निराळ्या द्रव्यांचा. हे रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, कारण ते दृश्य प्रकाशाला हातच लावत नाहीत. त्यांतल्या एकाचं नावच पॉर्फिरा-३३४. तो ३३४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतो, म्हणून हा आकडा. शिनोरीन हा त्याचा भाऊबंद. शोषलेली ऊर्जा ते उष्णतेच्या रूपात सोडून देतात आणि स्वतः शाबूत राहतात. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश आत येऊ द्यायचा आणि घातक तेवढा अडवायचा, ही निवड मला फार मोलाची वाटते. नुसता जाड पडदा ओढून घेतला असता, तर शैवाल उपाशी मेलं असतं.

पण हे फुकट मिळत नाही. या रेणूंत नायट्रोजन असतो आणि समुद्रात नायट्रोजनची अनेकदा चणचण असते. पॉर्फिराला अमोनियमच्या रूपात नायट्रोजन भरपूर दिला, की त्यातलं या रेणूंचं प्रमाण वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे गरज नसताना ते साठवणं परवडत नाही. उत्तर समुद्रात हेल्गोलँड नावाचं जर्मन बेट आहे. तिथे कॉन्ड्रस क्रिस्पस या लाल शैवालाचा अभ्यास झाला. उथळ पाण्यातल्या कॉन्ड्रसमध्ये हे रेणू भरपूर आणि खोल जावं तसे कमी होत गेलेले. खोलातलं शैवाल उचलून उथळ पाण्यात आणलं, की ते हे रेणू तयार करू लागतं. निळा प्रकाश आणि यूव्ही-ए या दोहोंमुळे ही निर्मिती सुरू होते.

तपकिरी शैवालांची रीत वेगळी. ती फ्लोरोटॅनिन नावाची द्रव्यं साठवतात. त्यांनी किरणही अडतात आणि शैवाल खायला येणाऱ्या प्राण्यांनाही ती नकोशी होतात. हिरव्या शैवालांत, म्हणजे उल्व्हासारख्यांत, असे गाळणीचे रेणू सहसा फारसे नसतात. त्यांची मदार दुरुस्तीवर आणि झपाट्याच्या वाढीवर.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. १९४९ साली अल्बर्ट केल्नर यांना असं आढळलं, की अतिनील किरणांनी मृतप्राय झालेले सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात ठेवले तर सावरतात. फोटोलायेज नावाचं एन्झाइम निळ्या किंवा यूव्ही-ए प्रकाशाची ऊर्जा वापरून थायमिनची ती गाठ सोडवतं. शैवालांतही हीच दुरुस्ती चालते. शिवाय अनेक शैवालं दुपारी प्रकाशसंश्लेषण मंद करतात आणि ऊन उतरलं की पुन्हा पूर्ववत करतात. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात यूव्ही-बी वरच्या काही मीटरांत ओसरत जातो, निळा प्रकाश मात्र बराच खोल उतरतो. म्हणजे थोडं खाली गेलं की इजा झपाट्याने घटते, पण दुरुस्तीला लागणारा उजेड शिल्लक असतो.

आता कोवळ्या अवस्थेकडे येतो. त्यासाठी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावर जावं लागेल. ७९ अंश उत्तर अक्षांशावर कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे आणि तिच्या काठी नी-ओलेसुंड ही संशोधकांची वसाहत. तिथल्या समुद्रतळावर केल्पची जंगलं आहेत. केल्प म्हणजे मीटर-दोन मीटर लांब, चामड्यासारख्या चिवट पात्यांची तपकिरी शैवालं. पण त्यांचा चलबीजाणू जेमतेम पाच मायक्रोमीटरचा. त्याला पेशीभित्तिकाही नसते. दोन शेपट्यांनी पोहत तो तळ शोधतो, चिकटतो आणि रुजतो. त्या काही तासांत ऊन त्याच्या जिवावर बेतू शकतं.

ख्रिस्तियान वीन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थेट समुद्रात तपासलं. निरनिराळ्या जातींचे बीजाणू वेगवेगळ्या खोलीवर ठेवले. काहींवर यूव्ही-बी अडवणारे पडदे, काहींवर सगळेच अतिनील किरण अडवणारे, काही उघडे. मग किती रुजले ते पाहिलं. २००६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: केल्पची जात वर किती उथळ पाण्यापर्यंत येते, हे तिच्या बीजाणूंच्या सहनशक्तीवर ठरतं. सॅकोऱ्हायझा डर्माटोडिया उथळ पाण्यातली. तिचे बीजाणू चिवट. लॅमिनारिया सॉलिडुंग्युला खोल पाण्यातली, तिचे नाजूक. बीजाणू दाट थव्याने सुटतात, तेव्हा वरचे खालच्यांवर सावली धरतात आणि त्यांच्यातली फ्लोरोटॅनिनं किरण शोषतात. वरच्यांचा बळी जातो, खालचे रुजतात.

पॉर्फिरानेही नाजूक अवस्थेची सोय केली आहे. १९४९ सालीच कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने दाखवलं, की शिंपल्यांत पोखरून राहणारं एक तंतुमय शैवाल, ज्याला तोवर स्वतंत्र जात मानलं जात होतं, ते पॉर्फिराचंच दुसरं रूप आहे. पाती नसतात तो काळ हे कूळ शिंपल्याच्या चुन्यात काढतं. जपानमधली नोरीची आधुनिक शेती या शोधावर उभी राहिली, म्हणून तिथे त्यांचं स्मारक आहे.

आज हे सांगण्याची निकड आहे. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी १९८५ साली आली, १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि ओझोनचा थर सावरू लागला. हे माणसाने एकदिलाने केलेलं फार मोठं काम आहे. तरीही २०११ आणि २०२० च्या वसंतात आर्क्टिकवरचा ओझोन खूप घटला होता. बर्फ फुटून पाणी उघडं पडतं आणि स्वच्छ असतं, तोही वसंताचाच काळ. कोंग्सफ्योर्डमध्ये १९९६ ते ९८ या काळात केल्पची सर्वाधिक दाटी पाच मीटरांवर होती; २०१२ ते १४ मध्ये ती अडीच मीटरांवर आलेली आढळली. तळ खरवडणारा बर्फ कमी झाला, म्हणून जंगल वर सरकलं. त्याच वेळी वितळत्या हिमनद्यांच्या गाळाने पाणी गढूळ होतं आणि खालच्या केल्पला उजेड कमी पडतो. तो गाळ उन्हाळ्यात अतिनील किरणही अडवतो, पण वसंतातल्या स्वच्छ पाण्यात ते संरक्षण नसतं. वर सरकलेल्या त्या केल्पने सोडलेल्या बीजाणूंना आता अडीच मीटर पाण्याखाली रुजायचं आहे.