पानिपतच्या हकिगती कशा वाचाव्यात?

(सोसायटीच्या वार्षिक समारंभात, त्र्यंबकेश्वर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहासाचा शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे आता सनावळ्या ऐकाव्या लागणार, ही धास्ती समोरच्या काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. दोनचार सन सांगावे लागतील, त्याला इलाज नाही. पण आजचा विषय निराळा आहे. एकाच लढाईबद्दल दोन्ही छावण्यांतून लिहिले गेले असेल, तर ते वाचावे कसे?

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. पानिपतचा धडा संपला आणि त्याने विचारले, "सर, पानिपतात आपण कोणत्या बाजूला होतो?" "आपण" म्हणताना त्याच्या मनात काय होते, ते पालकांना सांगावयास नको. मी त्याला उत्तर दिले नाही. कागदाच्या मधोमध रेघ मारावयास सांगितली. एकीकडे सदाशिवरावभाऊंबरोबर कोण होते, दुसरीकडे अहमदशाह अब्दालीबरोबर कोण होते, ते लिही म्हटले. भाऊंच्या बाजूला इब्राहीमखान गारदी आणि त्याच्या पलटणी आल्या. अब्दालीच्या बाजूला नजीबखान रोहिला आला, अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आला आणि नवाबाच्या चाकरीतले अनूपगीर-उमरावगीर यांचे नागा गोसावीही आले. सिंहस्थात नागा साधूंचे शाहीस्नान आपण याच गावात पाहतो. मुलगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला.

आता हकिगतींकडे वळू. भाऊंनी ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा जिंकला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दक्षिणेची वाट तुटली. पुढे अडीच महिने पानिपतावर खंदकाआड उपासमार झाली. शेवटी 14 जानेवारी 1761 रोजी मराठी फौज मैदानात चालून गेली. एवढे सर्वांना मान्य आहे. मतभेद याच्या पुढे आहेत.

फारसीत लिहिलेली सर्वांत प्रसिद्ध हकीगत काशीराजाची. हा दक्षिणी ब्राह्मण, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. म्हणजे माणूस इकडचा, छावणी तिकडची! तहाची बोलणी भाऊ त्याच्यामार्फत करीत होते. त्याने लिहिले मात्र 1780 च्या सुमारास, वीसएक वर्षांनी. मराठीत भाऊसाहेबांची बखर आहे. ती कृष्णाजी शामरावाची मानतात. तरुणपणी स्वतः पानिपतावर असलेल्या आणि तेथे आईला मुकलेल्या नाना फडणिसांचे आत्मचरित्र आहे. रघुनाथ यादवाची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली असे म्हणतात. लढाईत त्यांचा विश्वासराव गेला. उत्तर आयुष्यात त्या आपल्या नाशिकजवळच्या गंगापुरास येऊन राहिल्या. मुलगा गमावलेल्या आईला जे वाचून दाखवावयाचे, त्यात लेखक काय लिहील आणि काय गाळील, हा विचार वाचताना मनात ठेवावा लागतो.

आकड्यांचे पाहा. मराठ्यांच्या छावणीत पाच लाख माणसे होती असे म्हणतात, असे काशीराज लिहितो. जदुनाथ सरकारांनी कागदपत्रे पडताळून मराठ्यांचे लढणारे सैन्य 45,000 आणि अब्दालीचे 60,000 धरले. मग काशीराज खोटा का? तसे नव्हे. एक आकडा शिपायांचा, दुसरा बुणगे, बाजारकरी, यात्रेकरू, बायकामुले धरून, आणि तोही ऐकीव. मोजले काय ते आधी विचारावे. शेजवलकरांच्या हिशेबाने लष्करी-बिनलष्करी मिळून लाखभर माणसे गेली.

इब्राहीमखानाची हकीगत मला फार मोलाची वाटते. काशीराज सांगतो की लढाईच्या सकाळी खान भाऊंकडे गेला आणि म्हणाला, शिपायांच्या पगारासाठी मी तगादा लावी, त्याचा तुम्हांला राग येई. ते पैसे आम्ही फुकट खाल्ले नाहीत, हे आज दिसेल. मग त्याच्या पलटणी रोहिल्यांवर तुटून पडल्या. आठ-नऊ हजार रोहिले मेले वा जखमी झाले आणि गारदीही जवळजवळ संपले. येथे विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. मराठ्यांच्या छावणीतले हे बोलणे पलीकडच्या काशीराजाला कळले कसे? माझा तर्क असा : जखमी इब्राहीमखान पकडला गेला, तेव्हा शुजाउद्दौल्याने त्याला वाचविण्यासाठी प्रथम आपल्या छावणीत ठेवले होते. तेथे काशीराजाच्या कानावर हे आले असावे. पुढे खानाला अब्दालीच्या वजिराच्या हवाली करावे लागले आणि त्याचा अंत झाला. हे लिहिणारा त्याच्या शत्रूचा नोकर आहे. शत्रूच्या गोटातला माणूस इमानाची साक्ष देतो, तेव्हा ती साक्ष घरच्या स्तुतीपेक्षा वजनदार असते.

उलट घरच्या साक्षीतही फूट असते. भाऊसाहेबांची बखर मल्हारराव होळकरांना नजीबखानाचे पाठीराखे म्हणून रंगविते. होळकरांची कैफियत त्यांची बाजू मांडते. म्हणजे "मराठी साधने असे म्हणतात" एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या घराण्याचे, हेही सांगावे लागते.

भाऊंच्या मृत्यूचे तर विचारूच नका. काशीराज लिहितो की शीर नसलेले धड सापडले आणि मांडीवरचा डाग, पाठीवरचा कटारीचा व्रण यांवरून ते ओळखले गेले. पुण्याला ही खात्री पटली नाही. भाऊ हयात आहेत या समजुतीवर पार्वतीबाई 1783 पर्यंत, मरेपर्यंत सौभाग्यवतीच राहिल्या. भाऊ म्हणून एक तोतयाही उभा राहिला. त्याला 1776 मध्ये देहान्त शिक्षा झाली. नानासाहेब पेशवे मात्र लढाईनंतर पाच महिन्यांतच गेले. त्यांनी येथे आरंभिलेले त्र्यंबकेश्वराचे देऊळ त्यांच्यामागे पंचवीस वर्षांनी, 1786 मध्ये पुरे झाले.

आता पालकांना एक विनंती. मराठ्यांच्या इतिहासाचा एक हिस्सा मोडीत आहे, दुसरा फारसीत. दोन्ही वाचणारा माणूस सहसा सापडत नाही. सेतुमाधवराव पगडींसारखे थोडे होऊन गेले, ज्यांनी फारसी साधने मराठीत आणली. आपल्या घरांत उर्दू आहे, म्हणजे लिपी आली, शेकडो शब्द आले. फारसीचे व्याकरण तेवढे राहिले. शाळेत मराठी आहेच, तेव्हा मोडीही दूर नाही. या दोन्ही वाटा आपल्या मुलांच्या उंबरठ्यापाशी आहेत. इतिहास घेऊन पुढे काय होणार, म्हणून मुलाला परत फिरवू नका.

मोडीची मुळाक्षरे महिनाभरात हाताखाली येतात. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर बसतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे, मुलींनीही यावे. रेघी वही आणि शाईचे पेन तेवढे बरोबर आणावे.