केलेल्या कामाचा हिशेब

(व्याख्यानमालेत ‘नोकरीचा अर्ज आणि मुलाखत’ या विषयावर दिलेलं व्याख्यान)



व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, राजकारण, आरोग्य हे विषय दरवर्षी होतात. यंदा संयोजकांनी नोकरीचा अर्ज हा विषय घेतला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून आपल्या शहरांचा दिवस गाडीच्या आणि नोकरीच्या वेळेवर उगवतो. इतकी माणसं ज्या गोष्टीवर जगतात, ती गोष्ट मागायची कशी, हे मात्र ज्याने त्याने एकट्यानेच, चाचपडत शिकायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. ती मोडावी म्हणून मी आज बोलणार आहे.

समोर दोन पिढ्या बसल्या आहेत. ज्येष्ठांपैकी अनेक जण बँकेची किंवा रेल्वेची परीक्षा देऊन लागले. कुणाला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा कॉल आला. १९५९च्या कायद्याने पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी कारखान्यांनाही रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं होतं. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ इथे यंत्रं लागली आणि कुणी मामाने, कुणी शेजाऱ्याने सुपरवायझरकडे शब्द टाकला. अर्ज म्हणजे फुलस्केपवरच्या दहा ओळी आणि गुणपत्रिकांच्या अटेस्टेड प्रती. निवड परीक्षेवर किंवा ओळखीवर व्हायची, अर्जाला फारसं बोलावं लागत नसे.

आज त्यांची नातवंडं घोडबंदर रोडला, ऐरोलीला, महाप्याला, भिवंडीच्या गोदामांत काम शोधतात. २००४मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कल्याणच्या मुलाला ठाण्यात गाडी बदलून ऐरोली गाठता येऊ लागली. पण त्या ऑफिसात त्याच्या आधी त्याचा रेझ्युमे पोचतो. पुष्कळदा तो आधी सॉफ्टवेअर चाळतं, मग माणूस वरवर पाहतो. मामा तिथे नाही. कागदालाच बोलायचं आहे.

आजचं माझं म्हणणं एवढंच आहे: रेझ्युमे म्हणजे केलेल्या कामाचा खरा हिशेब. विशेषणांनी तो भरत नाही. आणि हा हिशेब नीट मांडणं म्हणजे बढाई मारणं नव्हे. आपल्या घरांतून स्वतःची टिमकी वाजवू नये असं शिकवतात, ते योग्यच आहे. पण त्यातून आपली मुलं स्वतःचं काम सांगायलाच लाजतात. पाच वर्षं दुकानाचे हिशेब सांभाळलेली मुलगी मुलाखतीत म्हणते, “मी फक्त मदत करायचे.” हे ‘फक्त’ तिचं नुकसान करतं.

आपल्याकडच्या अर्जांत एक गोष्ट वर्षानुवर्षं चालत आली आहे. आपण रेझ्युमे लिहितो तो लग्नाच्या बायोडाट्याच्या वळणावर. वर फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद, आणि तळाला ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ ही शपथ. स्थळ बघताना ही माहिती मागतात. पण स्टोअरकीपरची जागा भरणाऱ्याला तुमच्या जातीशी किंवा लग्नाशी काही कर्तव्य नसावं. म्हणून पहिलं काम हे की, या ओळी काढून टाका. नाव, फोन, ईमेल, राहण्याचं शहर एवढं पुरे.

याला गंभीर कारण आहे. आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अटवेल यांनी एक प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लीम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. अर्जदार पात्र होते, कागद स्वच्छ होता, तरीही हे झालं. म्हणून उत्तम रेझ्युमे लिहिला की नोकरी नक्की, असं मी कुणालाही सांगणार नाही. चांगला कागद ही अर्जदाराची जबाबदारी आणि न्यायाने वाचणं ही मालकाची. या सभागृहात एचआरमध्ये काम करणारे कुणी असतील तर त्यांना विनंती आहे की, पहिल्या चाळणीला नाव झाकून वाचा. त्याला खर्च येत नाही.

आता आपल्याच गावचं एक उदाहरण. कल्याणच्या जोशांची मुलगी यमुना म्हणजे आनंदीबाई जोशी. जन्म १८६५चा. त्यांच्या अमेरिकावारीमागे एका फसलेल्या अर्जाची कथा आहे. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी कोल्हापुरातून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. बायकोचं शिक्षण व्हावं आणि आपल्याला अमेरिकेत काम मिळावं, अशी मागणी होती. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा दाखवली, त्यामुळे मागणी फळली नाही. पण तो पत्रव्यवहार त्यांनी आपल्या नियतकालिकात छापला, आणि १८८०मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो आला. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढे आपल्या घरी ठेवून घेतलं. नीट लिहिलेला अर्ज ज्याच्या नावे असतो त्याच्यापाशीच संपतो असं नाही. नकार आल्यावर कागद फाडून टाकणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ला, आनंदीबाई बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) कॉलेजात भरसभेत इंग्रजीत बोलल्या. अठरावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता. त्यांनी लोकांच्या मनातले प्रश्न स्वतःच एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट कोसळलं तर? जे कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करावंस? आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. मुलाखतीची तयारी याहून वेगळी नसते. समोरच्याला आपल्याविषयी ज्या शंका येणार, त्या आपण आधी ओळखायच्या आणि त्यांची उत्तरं घरी तयार करायची.

अमेरिकेत पोचल्यावर, जून १८८३मध्ये, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी आहेत. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी उघड मान्य केलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, हाच आपल्या निश्चयाचा पुरावा समजावा, असं म्हटलं. आणि आपल्याला काय करायचं आहे ते नेमकं सांगितलं. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत द्यायची आहे, हा हेतू. त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ला त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूर संस्थानने त्यांना नोकरी देऊ केली. फेब्रुवारी १८८७मध्ये क्षयाने त्या गेल्या. त्या पत्रात स्वतःविषयी फुगवलेलं काही नाही. उणीव लपवलेली नाही, निश्चयाला घडलेल्या गोष्टीचा आधार आहे, आणि कशासाठी हे स्पष्ट आहे. आजच्या कव्हर लेटरला याहून वेगळं काय लागतं?

आता कागदाकडे येते. बहुतेक रेझ्युमेंत पहिल्या ओळीत ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेयर’ हे असतं. हे सगळेच लिहितात, त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न विचारा. काम काय होतं? त्यात मी स्वतः काय केलं? त्याने काय झालं?

समजा, कल्याणच्या एखाद्या मेडिकल स्टोअरमध्ये बीकॉम करता करता एका मुलीने काम केलं. ‘अकाउंट्सचा अनुभव’ असं लिहू नये. ‘दोन वर्षं टॅलीमध्ये रोजची खरेदी-विक्री नोंदवली, महिनाअखेर जीएसटीची बिलं लावून सीएच्या ऑफिसला दिली’ असं लिहावं. आयटीआय झालेल्या फिटरने कुठली मशीन चालवली, ड्रॉइंग वाचता येतं का, व्हर्नियर-मायक्रोमीटर वापरला का, किती शिफ्ट केल्या, हे लिहावं. ज्याला कॉलेजशिवाय काहीच अनुभव नाही, त्याने गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत किती स्वयंसेवकांची कामं लावली ते लिहावं. आकडा खरा असेल तर टाका, आठवत नसेल तर अंदाजाने फुगवू नका.

मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या बहिणींना वेगळं सांगते. मधली सहा वर्षं लपवायला तारखा खोडू नका. ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीतून विराम’ ही एक ओळ पुरे, माफी मागायची गरज नाही. त्या काळात सोसायटीच्या खजिनदार म्हणून चाळीस सदनिकांचा मेंटेनन्स वसूल केला असेल आणि ऑडिटरला हिशेब दिला असेल, तर ते अकाउंट्सचं कामच आहे. ते लिहा.

कारखाना बंद पडून घरी बसलेल्या कामगाराकडे पंचवीस वर्षांचं कसब असतं आणि एकही प्रमाणपत्र नसतं. कौशल्य विकास योजनांत, आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची तरतूद आहे. ती जवळच्या केंद्रात विचारा. राज्याच्या महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवा. २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. ज्यांनी त्या प्रशिक्षणाचा काळ पुरा केला, त्यांनी ‘ट्रेनी’ एवढंच न लिहिता तिथे केलेलं काम लिहावं.

मांडणीबद्दल थोडक्यात. नवीन असाल तर एक पान, फार तर दोन. रंगीत चौकटी, पट्टे टाळा, चाळणीच्या सॉफ्टवेअरला ते नीट वाचता येत नाहीत. जाहिरातीतले शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू असतील तर तेच वापरा. फाइल पीडीएफ करा आणि तिला स्वतःचं नाव द्या. प्रत्येक जागेसाठी तोच कागद पाठवू नका, वरच्या चार ओळी त्या जागेप्रमाणे बदला. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

मुलाखत फोनवरच सुरू होते. फोन आला तेव्हा तुम्ही डोंबिवली फास्टच्या दारात लटकत असाल तर ओरडून उत्तरं देऊ नका. “मी आत्ता लोकलमध्ये आहे, संध्याकाळी सहा वाजता मी फोन करू का?” असं सांगणाऱ्याबद्दल कुणाचंही मत वाईट होत नाही. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर घरची माणसं, गाव, शाळा सांगत बसू नका. आत्ता काय करता, या जागेशी जुळणारं कुठलं एक काम केलं, आणि इथेच का यायचं आहे, एवढं दोन मिनिटांत सांगा. कल्याणहून वेळेवर कसे येणार, हा प्रश्न येणारच. कुठली गाडी, किती वाजता पोहोचते, ती चुकली तर पुढची कुठली, हे सांगा. एवढा विचार करून आलेल्याचं काम समोरच्याला दिसतं. मराठी माध्यमाच्या मुलांनी आपल्या कामाबद्दलची दहा-बारा वाक्यं साध्या इंग्रजीत घोकून नव्हे, बोलून बोलून बसवावीत. एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणावं आणि ती कशी शिकाल ते सांगावं.

खोटं मात्र लिहू नका. पीएफचा यूएएन क्रमांक २०१४पासून नोकरी बदलली तरी तोच राहतो. तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात, हे त्यातून दिसतं. विकत घेतलेलं अनुभवाचं पत्र आज ना उद्या पकडलं जातं. तसंच नोकरीसाठी कुणी ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’ म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लाज बाळगू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

शेवटी ज्येष्ठांकडे एक मागणं आहे. तुमच्यातल्या कुणी बँकेत शाखा सांभाळली, कुणी कारखान्यात माणसं निवडली, कुणी शाळेत हजारो निबंध तपासले. आपल्या ग्रंथालयात महिन्यातला एक रविवार ठरवा, शेजारच्या चाळीतल्या आणि कॉम्प्लेक्समधल्या मुलांना बोलवा, त्यांचे रेझ्युमे त्यांच्यासमोर बसून वाचा. प्रत्येक ओळीला विचारा, “हे तू स्वतः केलंस का? मग नीट सांग.” ज्याला वशिला नाही त्याला निदान एक वाचणारा मिळू द्या. काम केलेल्या माणसाची नोकरी केवळ ते काम सांगता आलं नाही म्हणून हुकावी, हे आपल्या शहरांनी सोसू नये.