टेबलावरचं शंभर वर्षांचं युद्ध
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, तो एका जप्तीपासून सुरू होतो. मे १३३७ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप सहावा याने इंग्लंडच्या राजाची नैऋत्य फ्रान्समधली गॅस्कनीची जहागीर खालसा केली. इंग्लंडचा एडवर्ड तिसरा आपल्या देशात सार्वभौम राजा होता. पण गॅस्कनीपुरता तो फिलिपचा मांडलिक होता. १३४० मध्ये त्याने आईच्या नात्याने थेट फ्रान्सच्या गादीवरच हक्क सांगितला. मधूनमधून तह होत हे युद्ध १४५३ पर्यंत चाललं.

हे युद्ध टेबलावर खेळवायचं, म्हणजे पंचाचं काम करायचं, हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. मधोमध फ्रान्सचा मोठा नकाशा असतो. एकेक खेळाडू कुणी राजा, कुणी बर्गंडीचा ड्यूक, कुणी एखाद्या किल्ल्याचा सरदार. एक डाव म्हणजे एक ऋतू. हुकूम चिठ्ठीवर लिहून पाकिटातून पंचाकडे द्यायचे आणि निकाल पंचाने सांगायचा. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ यांनी जो युद्धखेळ रुजवला, त्यातही दोन्ही बाजूंच्या मधे असाच पंच होता. इथल्या तरुण मंडळींनी ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये जोन ऑफ आर्कची मोहीम खेळली असेल. तिथे पंचाचं काम संगणक करतो, आणि फार झटपट करतो. मला हवी असते ती दिरंगाई. बोर्दोची बातमी पॅरिसला दुसऱ्या दिवशी पोहोचली, की खेळातलं चौदावं शतक संपलंच म्हणून समजा. म्हणून काही पाकिटं मी मुद्दाम पुढच्या डावापर्यंत राखून ठेवतो.

या खेळाचा आराखडा करताना एकच प्रश्न सतत समोर असतो. क्रेसी, प्वात्ये, आझँकूर या तिन्ही गाजलेल्या लढाया इंग्लंडने जिंकल्या, आणि युद्ध फ्रान्सने जिंकलं. लढाई जिंकल्याचे गुण देणारे नियम केले, तर हे कधीच घडणार नाही. मग तो खेळ या युद्धाचा उरतच नाही.

म्हणून पहिल्या डावाआधी मी खेळाडूंना हिशेबाची वही देतो. इंग्लंडच्या फौजेत घोडेस्वार तिरंदाजाला रोज ६ पेन्स मिळत आणि चिलखती स्वाराला १२. हजार तिरंदाज म्हणजे दिवसाला २५ पौंड. ५०० स्वार म्हणजे आणखी २५. महिन्याचे झाले १५०० पौंड, आणि यात घोडे, गलबतं, धान्य काहीच धरलेलं नाही. हा आकडा मांडला, की चढाईच्या गप्पा मारणारा खेळाडू लोकरीवरचा कर किती येतो ते विचारू लागतो. खुद्द एडवर्डचंही तसंच झालं होतं. लोकरीच्या जिवावर त्याने फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुत्सी या पेढ्यांकडून अफाट कर्ज काढलं आणि ते थकवलं. १३४०च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या.

सगळ्यात जास्त वाद होतात ते राजा कैद होण्याच्या नियमावर. १९ सप्टेंबर १३५६ रोजी प्वात्येला फ्रान्सचा राजा जॉन दुसरा एडवर्डच्या मुलाच्या, ब्लॅक प्रिन्सच्या हाती लागला. १३६० च्या तहात त्याच्या सुटकेची किंमत ठरली ३० लाख सुवर्ण एक्यू. खंडणी फेडायला मिठावर आणि मालाच्या विक्रीवर कर बसले. त्याच वर्षी फ्रँक हे नाणं पहिल्यांदा पाडलं गेलं. खंडणीची पूर्ण रक्कम काही कधी भरली गेली नाही. राजाच्या बदल्यात ओलीस ठेवलेला त्याचा एक मुलगा पळाला, तेव्हा १३६४ मध्ये जॉन आपण होऊन लंडनला परत गेला आणि तिथेच वारला. कर मात्र राहिले. त्याच पैशावर पुढच्या राजाने, चार्ल्स पाचव्याने, नियमित पगारी फौज उभी केली. म्हणून आमच्या खेळात ज्याचा राजा पकडला जातो, त्याला देशभर कर बसवण्याचा अधिकार मिळतो. पकडणाऱ्याला सोनं मिळतं, हरणाऱ्याला खजिन्याची व्यवस्था. इंग्लंडकडून खेळणारे दर वेळी याला अन्याय म्हणतात. मी तो नियम बदललेला नाही, बदलणारही नाही. या युद्धाचं मर्म तिथे आहे.

चार्ल्स पाचव्याची भूमिका घ्यायला तर कुणी राजी नसतं. हा राजा मैदानात उतरत नाही. द्यू गेक्लँसारख्या सेनापतीला हाताशी धरून तो एकेक गढी परत घेतो आणि मोठी लढाई टाळतो. १३७३ मध्ये इंग्रज सेनापती जॉन ऑफ गाँट कॅलेहून मोठी फौज घेऊन मुलूखगिरीला निघाला. फ्रेंचांनी त्याला समोरासमोर लढाई दिलीच नाही. थंडी आणि उपासमारीने घोडे मेले, माणसं मेली, आणि वर्षअखेरीला उरलेले लोक कसेबसे बोर्दोला पोहोचले. एकदा ही भूमिका एका महाविद्यालयीन मुलीने केली. दर डावाला तिची चिठ्ठी तीच: दरवाजे बंद, धान्य आत, पिछाडीला स्वार. टेबलाभोवतीचे सगळे तिला भित्री म्हणत होते. हिवाळ्याचा डाव आला, आणि समोरच्या खेळाडूला आपली अर्धी फौज नकाशावरून स्वतःच्या हाताने उचलावी लागली.

फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या जोन ऑफ आर्कचा विषय थोडक्यात सांगतो. तिच्या नावाला कसलेही चमत्काराचे गुण मी देत नाही. मे १४२९ मध्ये ऑर्लेआँचा वेढा उठला आणि १७ जुलैला रँसच्या कॅथीड्रलमध्ये चार्ल्स सातव्याला राज्याभिषेक झाला. खेळात या अभिषेकाचं मोल आहे, कारण त्यानंतर शहरं कुणाला राजा मानतात ते बदलतं. एवढा नियम पुरतो.

आता रूआँबद्दल. जुलै १४१८ मध्ये इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने या शहराला वेढा घातला. आत अन्न संपत आलं, तेव्हा शहराने हजारो म्हातारेकोतारे, बायका, मुलं तटाबाहेर काढली. हेन्रीने त्यांना आपल्या फौजेतून पलीकडे जाऊ दिलं नाही. तट आणि छावणी यांच्यामधल्या खंदकात ती माणसं ऐन हिवाळ्यात भुकेने मेली. जानेवारी १४१९ मध्ये शहर शरण आलं. खेळात हा वेढा आला, की शहराच्या खेळाडूला मी दोन आकडे देतो: धान्य किती आणि तोंडं किती. बाहेर किती माणसं काढायची, तो आकडा त्याने लिहून द्यायचा, आणि वेढा घालणाऱ्याने त्यांना वाट द्यायची की नाही, ते लिहायचं. दोन्ही चिठ्ठ्या मी मोठ्याने वाचतो. त्या वेळी टेबलावर कुणी बोलत नाही. काही पालकांनी मला हा भाग वगळायला सुचवलं. माझ्या मते हा भाग वगळला, तर बाकीचा खेळ मुलांना दाखवूच नये. मुलूखगिरीत जळालेल्या प्रत्येक परगण्यावर मी काळी सोंगटी ठेवतो. ती असेपर्यंत तिथला कर कुणालाच मिळत नाही. लूट करणाऱ्यालाही नाही.

पंचाने एक पथ्य कडक पाळायला हवं. इतिहासात जे घडलं, तिकडे खेळाडूंना ढकलायचं नाही. १४१९ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा माँतरोच्या पुलावर खून झाला, त्याचा मुलगा इंग्रजांना मिळाला, आणि १४३५ मध्ये तोच अरासच्या तहाने फ्रान्सकडे परतला. आमच्या टेबलावर बर्गंडी कधी शेवटपर्यंत इंग्रजांकडे राहते, कधी पहिल्यापासून फ्रान्सकडे. तसं झालं तर तो निकाल स्वीकारायचा, आणि शेवटी प्रत्यक्षात काय झालं ते सांगून दोन्हींत फरक का पडला यावर तासभर बोलायचं. हा तास खेळाइतकाच महत्त्वाचा आहे.

सभागृहात इतिहासाचे शिक्षक आणि ग्रंथालयांचे कार्यकर्ते बरेच दिसतात. त्यांना माझी विनंती आहे. एक नकाशा, काही वह्या, पाकिटं आणि कुणाचीही बाजू न घेणारा एक माणूस, एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. येत्या सुट्टीत आपल्या शाळेत किंवा वाचनालयात एकदा मांडून पाहा. नियमांची प्रत मी द्यायला तयार आहे. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे.