दूरवैद्यक : सवलत कीं हक्क ?



देवळाली कॅम्पचें नांव निघालें कीं मुंबईकरांस प्रथम आठवते ती तेथील कोरडी हवा. ब्रिटिश अमदानींत येथें लष्कराचा मोठा तळ होता. विलायतेस परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना आगबोटीची वाट पाहत महिनेच्या महिने येथें काढावे लागत, आणि त्या कंटाळ्यांतून इंग्रजी भाषेस वेडसरपणासाठीं 'डूलॅली' हा शब्द मिळाला. लष्कराच्या शेजारींच, लॅम रोडच्या बाजूस, पारशी, गुजराती वगैरे समाजांतील दानशूर गृहस्थांनीं आरोग्यभुवनें बांधलीं. रोगी हवेच्या शोधार्थ येथें येत असे. आज मला बोलावयाचें आहे तें उलट दिशेच्या प्रवासाविषयीं. रोग्यानें आपल्या घरीं असावें आणि वैद्याचा सल्ला हवेंतून त्याच्यापर्यंत यावा, यास टेलिमेडिसिन किंवा दूरवैद्यक असें म्हणतात. ही सोय साथीच्या दिवसांत आपल्या अंगवळणीं पडली. ती कायमची व्हावी यासाठीं कायदे करणाऱ्यांकडे आपण काय मागावें, हा आजचा विषय आहे.

आमच्या शेजारीं एक आजी राहतात. त्यांचे यजमान तोफखान्यांत होते, ते वारले. मुलगा परदेशीं. गुडघे दुखरे, त्यांत मधुमेह आणि रक्तदाब. दर तीन महिन्यांनीं नाशिकला तज्ज्ञाकडे जावयाचें म्हणजे सकाळीं रिक्षा ठरवावयाची, बिटको चौकाच्या गर्दींतून वाट काढावयाची, दवाखान्याच्या बाकावर दोन-तीन तास बसावयाचें, आणि एवढें करून डॉक्टरांसमोर पांच मिनिटें. २०२० सालच्या टाळेबंदींत तेच डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर दिसूं लागले. आजी तपासणीचे कागद पडद्यासमोर धरीत, डॉक्टर गोळी कमी-जास्त करीत. साथ ओसरल्यावर मात्र निरोप आला कीं आतां फोनवर पाहणें बंद, समक्ष या. मीं कारण विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "उद्यां कांहीं विपरीत झालें तर कायदा माझ्या बाजूस उभा राहील याची खात्री कोण देणार ?" या उत्तराचा मला प्रथम राग आला. पुढें माहिती मिळवूं लागलों तेव्हां कळलें कीं हें भय अगदींच निराधार नाहीं.

२०१८ सालीं रत्नागिरी येथील एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत आलें. प्रसूत झालेली एक स्त्री घरीं गेल्यावर आजारी पडली. तिला पुन्हां रुग्णालयांत दाखल केलें तेव्हां डॉक्टर तेथें नव्हते. उपचार फोनवरून सांगितले गेले. पुढें ती स्त्री दगावली. न्यायालयानें डॉक्टरांचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज नाकारला आणि निदान न करतां औषध देण्याबद्दल कठोर शब्द वापरले. त्या दुर्दैवी स्त्रीच्या बाबतींत कोणाही सहृदय माणसास वाईटच वाटेल. परंतु या निकालानंतर महाराष्ट्रांतील अनेक डॉक्टरांना फोनवर साधा सल्ला देणेंही धोक्याचें वाटूं लागलें. फोनवरचा सल्ला कोठें योग्य आणि कोठें अयोग्य, हें सांगणारा स्पष्ट नियमच त्या वेळीं नव्हता.

तो नियम आला २५ मार्च २०२० रोजीं. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागीं काम पाहणाऱ्या नियामक मंडळानें निती आयोगाच्या सहकार्यानें दूरवैद्यकाचीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं व तीं २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांस परिशिष्ट म्हणून जोडलीं. हीं सूत्रें विचारपूर्वक केलेलीं आहेत. रोग्यानें व डॉक्टरानें परस्परांची ओळख पटवावी. औषधपत्रावर डॉक्टराचा नोंदणीक्रमांक असावा. सल्ल्याची नोंद जपून ठेवावी. कांहीं औषधें कोणत्याही मार्गानें सांगतां येतात, कांहीं पहिल्या भेटींत चित्र व आवाज दोन्ही असतील तरच, तर कांहीं केवळ जुन्या रोग्याच्या पुढील तपासणींत. अमली व तत्सम औषधें फोनवरून मुळींच लिहून द्यावयाचीं नाहींत. तातडीच्या प्रसंगीं प्रथमोपचार सांगून रोग्यास ताबडतोब समक्ष उपचारांकडे पाठवावयाचें. रत्नागिरीच्या प्रकरणांत जी उणीव होती ती भरून काढण्याचाच हा प्रयत्न होता. जून २०२० मध्यें विमा नियामकानेंही या सूत्रांस अनुसरून होणाऱ्या सल्ल्याचा खर्च मान्य करावा असें विमा कंपन्यांस कळविलें.

या पायावर मोठें काम उभें राहिलें. केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेनें फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटि सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. सैनिकांसाठीं व त्यांच्या कुटुंबियांसाठीं संरक्षण खात्यानें मे २०२१ मध्यें 'सेहत' नांवाची अशीच सेवा सुरू केली. देवळालीसारख्या लष्करी वसाहतींत तिचें मोल निराळें सांगावयास नको.

मग अडचण कोठें आहे ? अडचण अशी कीं ही इमारत परिशिष्टावर उभी आहे. एका अधिसूचनेनें जें मिळालें तें दुसऱ्या अधिसूचनेनें बदलूं शकतें. याचें प्रत्यंतर आपण पाहिलें आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २ ऑगस्ट २०२३ रोजीं नवे आचारनियम जाहीर केले. दूरवैद्यकाचे नियमही त्यांत होते. डॉक्टरांनीं इतर कलमांविरुद्ध गहजब केला, आणि २३ ऑगस्ट रोजीं, म्हणजे तीन आठवड्यांत, ते सर्वच नियम स्थगित होऊन २००२ चे जुने नियम परत आले. दूरवैद्यक त्या जुन्या नियमांच्या परिशिष्टांत होतें म्हणून वांचलें. ज्या सोयीवर कोट्यवधि रोगी अवलंबून आहेत तिचें भवितव्य असें टांगणीला असूं नये.

अमेरिकेंत काय झालें तें पाहण्यासारखें आहे. तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेंत घरबसल्या सल्ल्याची सवलत २०२० सालीं देण्यांत आली, पण मुदतीची. ती मुदत पुनःपुन्हां वाढविण्यांत आली. ३० सप्टेंबर २०२५ रोजीं सरकारचा अर्थसंकल्प अडला आणि त्याबरोबर ही सवलतही संपली. ती परत मिळण्यास नोव्हेंबर उजाडला. आपल्यांतील ज्या कुटुंबांचे वृद्ध आईवडील तिकडे स्थायिक आहेत, त्यांना या मधल्या सहा आठवड्यांची अनिश्चितता कळेल. मुदतीच्या सोयीवर रोग्यास आपलें जीवन बेततां येत नाहीं.

येथें मला आपलाच एक जुना दाखला आठवतो. १८९७ सालीं मुंबई इलाख्यांत प्लेग असतां सरकारनें साथरोगांचा कायदा केला. घरांत शिरावें, माणसें वेगळीं काढावींत, सामान जप्त करावें, असे अधिकार त्याखालीं वापरले गेले. प्लेग गेला, इंग्रज गेले, पण कायदा राहिला. २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्रानें तोच बाहेर काढला. साथींत जन्मलेली सक्ति सव्वाशे वर्षें टिकली, तर साथींत जन्मलेली सोय टिकविण्यास काय हरकत आहे ?

हरकती आहेत, आणि त्या ऐकून घेतल्या पाहिजेत. पोट दाबून पाहिल्याशिवाय, छातीला नळी लावल्याशिवाय कांहीं रोग कळत नाहींत. दूरवैद्यक स्वस्त पडतें म्हणून पेठ-सुरगाण्याच्या आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरांच्या जागा रिकाम्याच ठेवण्याचा मोह सरकारास होईल, हीही भीति खरी आहे. ज्या घरांत एकच मोबाइल असून तो कमावत्या पुरुषाच्या खिशांत असतो, तेथील स्त्रीस या सोयीचा उपयोग काय ? म्हणूनच नुसतें "सोय कायम करा" असें म्हणून भागणार नाहीं. कायद्यांत चार गोष्टी स्पष्ट हव्यात. नियम पाळून सद्‌हेतूनें सल्ला देणारा डॉक्टर केवळ समक्ष नव्हता म्हणून दोषी ठरूं नये. समक्ष तपासणी मागण्याचा रोग्याचा हक्क अबाधित असावा व दूरवैद्यक हें रिकाम्या जागेचें निमित्त होऊं नये. विम्याची भरपाई परिपत्रकावर नव्हे, कायद्यावर आधारलेली असावी. आणि ज्यास फोन नाहीं किंवा वापरतां येत नाहीं, त्यास आरोग्यकेंद्रांत परिचारिकेच्या मदतीनें, त्याच्या बोलीभाषेंत, हाच सल्ला मिळावा.

हें मागावयाचें कोणाकडे ? आपल्या राज्यघटनेंत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयें हा राज्यांचा विषय, तर वैद्यकीय व्यवसाय हा केंद्र व राज्य या दोघांचाही. म्हणजे संसद व विधिमंडळ या दोन्ही दारांवर थाप मारतां येते. राजस्थाननें २०२३ सालीं आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रास तसें करण्यास कोणी अडविलेलें नाहीं. कॅम्पांतील रहिवाशांस मात्र एक दार कमी आहे. येथील कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण खात्याच्या अधीन, आणि ३० एप्रिल २०२३ रोजीं ठरलेल्या बोर्डांच्या निवडणुका आधींच्या महिन्यांत रद्द करण्यांत आल्या. म्हणून आमदार व खासदार यांच्याकडेच आपला भार अधिक.

कायदेकर्त्यांना भेटणें म्हटलें कीं मराठी माणसाच्या मनांत वशिला येतो. वशिला एकट्यासाठीं व झांकून लावतात. मीं सुचवितों तें उघड्यावर व सर्वांसाठीं करावयाचें आहे. लोकसभेकडे नागरिकास याचिका करतां येते. सभासदानें ती सादर केल्यास तिच्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. आपल्या विधिमंडळांतही विनंती-अर्ज समिति आहे. प्रतिनिधीस लिहावयाचें पत्र एका पानाचें असावें. त्यांत आपल्या घरांतील एकच खरी हकीकत व एकच स्पष्ट मागणी असावी, आणि हा प्रश्न सभागृहांत विचारावा अशी विनंती असावी. छापील नमुन्यावर शंभर सह्या करण्यापेक्षां स्वतःच्या शब्दांत लिहिलेलीं दहा पत्रें अधिक काम करतात.

आमच्या शेजारच्या आजींनीं असें पत्र लिहिलें आहे. अक्षर थरथरतें आहे, पण मजकूर नेमका आहे. त्या लिहितात कीं मला डॉक्टरांकडे जाणें टाळावयाचें नाहीं. जाण्याचें कारण असेल तेव्हां मी जाईन, नसेल तेव्हां मला घरीं बसून विचारूं द्या. कायद्यानें यापेक्षां अधिक कांहीं करावयाचें आहे असें मला वाटत नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असें वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, त्यांनीं हा महिना संपण्यापूर्वीं एक पत्र टपालांत टाकावें, एवढीच माझी विनंती.